खुल्या हवेतील शाळा : गुण हवेचा की आहाराचा?

प्रश्न :
विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात अशक्त मुलांसाठी खुल्या हवेतील शाळा निघाल्या होत्या, असे वाचनात आले. त्यांची सुरुवात कोठे झाली, तेथे कोणत्या मुलांना घेत आणि उघड्यावर बसल्याने त्यांची प्रकृती खरोखर सुधारत असे का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद १ :
अशी पहिली शाळा १९०४ साली बर्लिनलगतच्या शार्लोटेनबुर्ग येथे, पाइनच्या जंगलात सुरू झाली. बालरोगतज्ज्ञ बेर्नहार्ड बेंडिक्स आणि शाळा-तपासनीस हेर्मान नॉयफर्ट यांचा तीत पुढाकार होता. क्षयाचा जंतू १८८२ मध्येच सापडला होता, परंतु त्यावर औषध नव्हते, म्हणून आरोग्यधामातील स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हे पथ्य शाळेत आणण्याचा विचार पुढे आला. क्षय बळावलेल्या मुलांपेक्षा पांडुरोगी, कृश आणि वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांनाच तेथे प्रामुख्याने घेत. लंडन काउंटी कौन्सिलने १९०७ मध्ये बॉस्टल वूड येथे अशी शाळा उघडली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत प्रॉव्हिडन्स येथे ऐन हिवाळ्यात, खिडक्या सताड उघड्या ठेवून, मुलांना उबदार पिशव्यांत बसवून वर्ग भरू लागला.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पाऊस आला तर काय करीत?

प्रतिसाद २ :
छप्पर असे, भिंती एका-दोन बाजूंना नसत.

मूळ प्रश्नाविषयी मात्र मला सावधपणे बोलावेसे वाटते. मुलांची वजने नियमितपणे नोंदवीत आणि वाढलेले वजन हवेच्या गुणाचा पुरावा म्हणून दाखवीत. पण त्याच मुलांना दिवसातून अनेक वेळा पोटभर खायला मिळे, कॉडलिव्हर तेल दिले जाई, दुपारी खाटेवर सक्तीने झोपवीत आणि अभ्यासाचे तास कमी ठेवीत. कोंदट खोल्यांतून, अर्धपोटी येणाऱ्या मुलाला यातले काहीही मानवले असते, त्यामुळे श्रेय एकट्या हवेला देता येत नाही. दाटीवाटीच्या वर्गात हवेतून पसरणारा संसर्ग मोकळ्यावर कमी होतो, एवढा हवेचा वाटा मात्र मान्य करावा लागेल.

प्रतिसाद ३ :
वैद्यकशास्त्रापेक्षा वास्तुकलेवर या शाळांचा ठसा अधिक टिकला, असे माझे मत आहे. वास्तुकार यान डाउकर यांनी ॲमस्टरडॅममध्ये १९३० च्या सुमारास चारही मजल्यांना काचा आणि मोकळे गच्चीवजा वर्ग असलेली शाळा बांधली. पॅरिसजवळच्या सुरेन येथे महापौर आंरी सेलिए यांच्या काळात बोदुअँ आणि लॉद या वास्तुकारांनी वर्गांच्या काचेच्या भिंती घडी करून पूर्ण उघडता येतील अशी रचना केली. पुढे १९४३ मध्ये क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचा शोध लागला, घरे आणि आहार सुधारले, तशी या शाळांची गरज ओसरली. तरीही इंग्लंडमध्ये १९४५ च्या नियमांनी नाजूक प्रकृतीच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र प्रवर्ग कायम ठेवला आणि खुल्या हवेतील काही शाळा नंतरही बराच काळ चालू राहिल्या.