आधी सुरुंग काढा, मग मदत
वर एका भाऊंनी लिहिलं की युद्धात जमिनीत पुरलेले सुरुंग काढण्यापेक्षा तोच पैसा तिथल्या शेतकऱ्यांना सरळ वाटून द्या, मला नाही पटत. आमचीही शेती आहे काटोलकडे, म्हणून सांगतो, जमिनीत सुरुंग असून वखर घालायचीच भीती असली तर पैसे घेऊन पेरणार कुठं? कंबोडियात युद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी लोकं अजून पाय गमावतात, कारण पोटासाठी त्याच जमिनीत जावं लागते. सुरुंग शोधायचा मेटल डिटेक्टर गंजक्या खिळ्यावरही वाजतो, मग माणूस गुडघ्यावर बसून तिरपी सळई घालत माती चाचपतो, फार हळू काम. म्हणून आफ्रिकेतले मोठे उंदीर शिकवले, ते भंगार सोडून फक्त सुरुंगातल्या टीएनटी या स्फोटकाचा वास हुंगतात अन् वजन इतकं कमी की सुरुंग फुटत नाही. त्यातल्याच मगावा नावाच्या उंदराला तर २०२० मध्ये गोल्ड मेडल मिळालं. फक्त सुरुंग काढून मोकळ्या झालेल्या जमिनीचे कागद त्याच गरीब कुटुंबाच्या नावावर व्हायला पाहिजेत, नाहीतर भाव वाढला की दुसराच येऊन बसतो.