वानरांच्या पिंजऱ्यासाठी कृत्रिम वेली : वरचं आवरण कशाचं करू?

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेल्या वर्षी एका प्राणिसंग्रहालयातल्या वानरांसाठी (काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे) आठ वेली करून दिल्या. एका पावसाळ्यात सगळ्या वाया गेल्या. आता नवा संच करायचाय आणि या वेळी चूक परवडणार नाही.

पहिल्या वेळी आत 24 मिमीचा पॉलिप्रॉपिलीनचा दोर घेतला, त्यावर फायबरग्लासचं कवच चढवून साल कोरली. येऊरच्या रानातली जुनी उक्षी जशी पिळे घेत झाडावर चढते, अगदी तशी दिसत होती. पण दोर वाकतो, कवच वाकत नाही. मोठा नर 15 किलोच्या वर भरतो, आणि तो वेल नुसती धरून बसत नाही, वरून झेप घेऊन पकडतो. त्या हिसक्याचा भार वजनाच्या कितीतरी पट असतो. दुसऱ्या महिन्यात तडे गेले, तड्यांतून काचेचे तंतू वर आले आणि एका पिल्लाच्या तळहातात कुसं शिरली. डॉक्टरांनी ती काढली, पिल्लू आता बरं आहे. त्याच दिवशी सगळ्या वेली मी स्वतः उतरवल्या. टोकाशी जिथे दोर उघडा होता, तिथे तो उन्हाने इतका कडक झाला होता की चिमटीत भुगा होत होता.

काथ्याचा दोर सुचवू नका, प्लीज. पकड छान मिळते, पण आपल्या पावसात तो आतून कुजतो आणि बाहेरून पत्ता लागत नाही. शिवाय तंतू सुटतात. बोटाभोवती आवळले तर रक्त थांबतं. गिळले तर आणखी वाईट, कारण वानर पानं खाणारा प्राणी, गाईसारखं कप्प्याकप्प्यांचं पोट, त्यात तंतूंचा गोळा अडकू शकतो. म्हणून माझी अट एकच : आवरण दातांनी सोललं जाऊ नये, आणि झिजलं तरी त्याचे धागे निघू नयेत.

सध्याचा विचार असा. आत 8 मिमीचा एसएस 316 चा (स्टेनलेस स्टीलचा) वायर रोप, 7×19 विणीचा (सात पेड, प्रत्येकात 19 बारीक तारा), म्हणजे लवचिक. त्यावर पॉलिएस्टरची वीण, कारण नायलॉन पाणी पितो आणि ताणला जातो. सर्वांत वर दोन भाग मिसळून लावायचं पीयू (पॉलियुरेथेन). नमुना केला, तर पीयूवर बारीक फोड आले. काय चुकतंय?

प्रतिसाद : दादा, फोड दमटपणाचे. पीयूच्या हार्डनरमधला (दोनांपैकी घट्ट करणाऱ्या भागातला) आयसोसायनेट पाण्याशी मिसळला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, तेच बुडबुडे. जुलैत नवी मुंबईत उघड्यावर हे काम होणारच नाही. वीण ओव्हनमध्ये रात्रभर सुकवा, लगेच एसी खोलीत कोटिंग करा, नाहीतर दिवाळीपर्यंत थांबा. पूर्ण वाळेपर्यंत प्राण्यांजवळ नेऊ नका.

रंग कुठला वापरलात? पिवळ्या-तपकिरी छटांत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं विषारी रंगद्रव्य, असू शकतं, आणि वानरं सगळं चाटतात. आयर्न ऑक्साइड आणि थोडा कार्बन ब्लॅक घ्या. कार्बन ब्लॅक उन्हापासूनही वाचवतो.

आणि स्टील काढून टाका, असं माझं स्पष्ट मत. स्टेनलेसला गंजापासून वाचवणारा पापुद्रा टिकायला हवा लागते. आवरणाखाली खारं पाणी साचलं की 316 सुद्धा खड्ड्याखड्ड्यांनी खातं, आणि आत एक तार तुटली की तीच सुई बाहेर येते. नुसत्या दोराची टोकं कशी बांधायची ते दिवाळे गावाच्या कोळीवाड्यात जाऊन बघा, होडीच्या जाड दोराला टोकाशी पीळ उलगडून परत त्यातच विणतात. गाठीने दोर कमजोर होतो, या विणीने फारसा होत नाही.

मूळ प्रश्नकर्ता : ताई, मनापासून आभार. रंग बाजारातला तयार होता, तो आजच बाजूला काढला. स्टीलचा मुद्दा पटला, नुसत्या पॉलिएस्टरचा नमुना करतो. एक अडलंय : मुख्य वेलीला जिथे फांदी फुटते, तिथे दोन दोर विणले की बेचक्यात बोटभर फट राहते. पिल्लाचा हात तिथे अडकेल. ती फट पीयूने भरली तर वाकताना तिथेच तडा जाईल का? कुणी असा सांधा केला असेल, तर फोटो टाका.