जांभ्याच्या चिऱ्याचा रंग नेमका कसा मोजावा?

चिरेबंदी:
कोकणातल्या आमच्या जुन्या घराच्या जोत्याचे काही चिरे झिजले आहेत. नवे चिरे रंगाने जुळावेत म्हणून मी ८ मिलिमीटर मापनछिद्राचा स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग आकड्यांत मोजणारे यंत्र, भाड्याने आणला. एकाच चिऱ्यावर चार बोटांच्या अंतरात घेतलेल्या तीन नोंदींत उजळपणाचा आकडा, म्हणजे 'एल', ४६, ३८ आणि ५१ असा आला. डोळ्यांना तो चिरा सगळीकडे सारखाच तांबूस दिसतो. दर वेळी यंत्राच्या पांढऱ्या प्रमाण-फरशीवर कॅलिब्रेशनही (यंत्राचे आकडे जुळवणे) केले होते. मग चूक कुठे होत आहे?

खडकवेडा:
आकडे खरेच आहेत, पण ते चिऱ्याच्या रंगाचे नसून ८ मिलिमीटरच्या ठिपक्यांचे आहेत. जांभ्यात तांबडे हेमॅटाइट आणि पिवळसर गोएथाइट ही लोहखनिजे आणि केओलिन ही फिकट चिकणमाती शेजारी शेजारी असतात, आणि दगडाच्या भोकांत शिरलेला बराचसा प्रकाश परत येत नाही. शिवाय खडबडीत पृष्ठभागावर यंत्र घट्ट टेकत नसल्याने फटीतून प्रकाश निसटतो आणि नोंद आणखी गडद येते. मोठ्या छिद्राचे यंत्र मिळाले तर उत्तम. नाही तर चिऱ्यावर खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत एक, अशा किमान २५ नोंदी घ्या आणि प्रत्येक वेळी यंत्र थोडे फिरवा. भोके मुद्दाम टाळू नका, कारण दुरून पाहताना त्यांतली सावलीही त्या रंगाचाच भाग असते. सरासरीसोबत नोंदींची व्याप्तीही लिहून ठेवा.

मातीपरीक्षक:
ओलाव्याचा उल्लेख राहिला. आम्ही मनसेल तक्त्याने, म्हणजे रंगांच्या प्रमाणित नमुन्यांशी ताडून, मातीचा रंग पाहतो तेव्हा कोरड्या आणि ओल्या मातीची नोंद वेगवेगळी करतो, कारण छिद्रांत पाणी भरले की प्रकाशाचे विखुरणे कमी होते आणि तीच माती गडद दिसते. खाणीतून नुकताच काढलेला चिरा ओलसर असतो, म्हणून तो पूर्ण वाळल्याशिवाय तुलना करू नये. जुन्या चिऱ्यावरचे शेवाळही आधी मऊ ब्रशने काढावे. कोणी पूड करून मोजायला सुचवील, तर ते ऐकू नका: पुडीचे आकडे स्थिर येतात, पण बारीक पूड अखंड दगडापेक्षा फिकट दिसते, आणि आपल्याला भिंत जुळवायची आहे.

चिरेबंदी:
दोघांचेही मनापासून आभार. खाणीवरून आणलेला नमुन्याचा चिरा आठवडाभर पडवीत वाळवला आणि चौकटी आखून ३० नोंदी घेतल्या. 'एल'ची सरासरी ओला असताना ३७ होती, ती आता ४४ आली. जोत्याच्या जुन्या चिऱ्याची ४३ आहे. मात्र नव्या चिऱ्यात पिवळेपणा थोडा जास्त भरतो, तेव्हा त्याच खाणीच्या दुसऱ्या थरातला नमुना पाहून मगच मागणी नोंदवणार आहे.