मदत हवी आहे: मागचा ब्रेक वापरतच नाही, तरी मागचेच पॅड संपले

निघालोच_समजा
मंडळी, जरा लवकर सांगा. बाइकचे मागचे ब्रेक पॅड जवळजवळ प्लेटला टेकलेत. पुढचे निम्म्याहून जास्त शिल्लक आहेत. मी पेडलवर पाय ठेवतच नाही, सगळं ब्रेकिंग हाताने, दोन बोटांनी. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो, "नॉर्मल आहे सर, पॅड आणि डिस्क दोन्ही टाकून घेऊ." डिस्क कशाला? रविवारी पहाटे ताम्हिणीतून माणगावला उतरायचंय, दोन पेट्या आणि मागे बायको. पॅड कुठले टाकू आणि नाना पेठेत मिळतील का, एवढंच सांगा.

प्रतिसादापुरता
गाडी कुठली ते राहिलं.

निघालोच_समजा
बीएमडब्ल्यूची जीएस. अजून कुठली?

व्हर्नियर
३१०, १२५० की १३००? हे विचारायचं कारण आहे. ३१० ला पुढचा-मागचा ब्रेक वेगळा, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलं तरी एकमेकांशी संबंध नाही. १२५० ला हाताचा लिव्हर दाबला की पुढचा आणि मागचा दोन्ही लागतात, पायाने फक्त मागचा. १३०० ला हात दाबा नाहीतर पाय, दोन्हीकडून दोन्ही चाकं. तिघांचं उत्तर तीन तऱ्हेचं.

निघालोच_समजा
१२५०. पॅडचं सांगा ना.

घाटवाला_कोथरूड
मग "मागचा ब्रेक वापरतच नाही" हे वाक्य खोडा. वापरता, हाताने वापरता. लिव्हर दाबलात की एबीएसचा ब्लॉक तो दाब मोजतो आणि त्याचा पंप मागच्या लाइनमध्ये स्वतः दाब तयार करतो. पेडल हलतसुद्धा नाही, म्हणून कळत नाही. शहरातल्या प्रत्येक सिग्नलला तुमचा मागचा पॅड घासतोय. पुढे ३०५ मिमीच्या दोन डिस्क आणि दोन कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारे जबडे), प्रत्येकी चार पिस्टनचे, मागे २७६ ची एकच डिस्क आणि दोन पिस्टन. शिवाय मागचं चाक चिखल-वाळू उडवणाऱ्या जागी. पावसाळ्यात ताम्हिणीत तो लाल गाळ पॅड आणि डिस्कच्या मध्ये पॉलिश पेपरचं काम करतो. या गाड्यांना मागचे आधी जाणं नवीन नाही.

बुलेटकाका
म्हणूनच म्हणतो, ही दोन्ही ब्रेक जोडणारी लिंक-बिंक थेरं नकोत. ब्रेक कुठला किती लावायचा ते चालवणाऱ्याला कळलं पाहिजे. उताराच्या वळणात मागचा हलका दाबून गाडी बसवायची असते, ती कला गेली.

घाटवाला_कोथरूड
काका, १२५० ला ती कला शाबूत आहे, पायाने फक्त मागचाच लागतो. तुमचा राग होंडाच्या जुन्या ड्युअल सीबीएसवर (जोडलेल्या ब्रेकवर) असेल, वराडेरोला होतं ते. त्यात पाय दाबला तरी पुढचा लागायचा.

बुलेटकाका
आणि मागचा आधी दाबला की लिंक सुटते म्हणे?

व्हर्नियर
ते यामाहाच्या सुपर टेनेरेला. तिथे पेडल आधी दाबलं तर त्या वेळेपुरती लिंक बंद राहते आणि मागचा पूर्ण तुमच्या ताब्यात. जीएसला तसं नाही. एका कंपनीचं गुपित दुसरीला लावू नका. धागाकर्ते, आता नीट उत्तर द्या:

किती किलोमीटर झाले? हे पॅड गाडीबरोबर आलेले की मध्ये बदललेत? दोन्ही पॅड सारखे झिजलेत की एक जास्त? डिस्कवर चरे आहेत का?

निघालोच_समजा
२७,००० झाले. १९,००० ला एकदा बदललेत, बाहेर एका गॅरेजात. ते सांगायचं असतं हे माहीत नव्हतं. सारखे झिजलेत का ते कसं बघू? आणि नाना पेठ?

प्रतिसादापुरता
हे पहिल्या ओळीत हवं होतं. पहिला सेट १९,०००, दुसरा ८,०००. आता "नॉर्मल" कसं म्हणायचं?

सदाशिव_पेठी
हिल स्टार्ट कंट्रोल बंद करा. सिग्नलला उभे असताना मागचा ब्रेक तो धरून ठेवतो. त्यानेच पॅड खाल्ले असणार.

व्हर्नियर
नाही. चाक फिरतच नसेल तर पॅड झिजणार कसा? घासल्याशिवाय झीज नाही. हिल स्टार्ट निर्दोष सोडा.

सदाशिव_पेठी
बरं. मग एबीएस बंद करून चालवायची, लिंक आपोआप तुटते.

व्हर्नियर
तेही नाही. १२५० ला एबीएस बंद केलं तरी लिंक चालूच राहते. चाक लॉक होण्यापासून वाचवणारा भाग तेवढा जातो. ताम्हिणीच्या ओल्या उतारावर, मागे बसलेली व्यक्ती असताना एबीएस बंद करायचा सल्ला कृपया कुणी देऊ नये. फ्यूज काढणं तर अजिबात नको.

एन्ड्युरोप्रेमी
एन्ड्युरो प्रो या ऑफ-रोड मोडमध्ये पेडलचं एबीएस बंद होतं, मातीत मागचं चाक सरकवता येतं. मस्त फीचर.

प्रतिसादापुरता
कुणी विचारलं?

घाटवाला_कोथरूड
मी वर लिहिलेलं अर्धंच खरं ठरतंय. लिंकमुळे मागचे लवकर जातात, पण त्या हिशेबाने पहिला सेट १९,००० गेला असेल तर दुसराही थोड्या फरकाने तेवढाच जायला हवा. चालवणारा तोच, रस्ते तेच. मध्ये बदललं काय? पॅडची जात, आणि कॅलिपरला लागलेले हात. गॅरेजात ऑरगॅनिक (तंतू आणि राळेचे) पॅड टाकले का विचारा. ऑरगॅनिक हाताला मऊ लागतात, डिस्कलाही बरे, पण गाळात लवकर उडतात. मूळचे सिंटर्ड, म्हणजे धातूची भुकटी दाबून केलेले असतात.

व्हर्नियर
पॅडची जात दुसऱ्या नंबरला. आधी मोजमाप, नवीन काहीही विकत घेण्याआधी.

गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रल. मागच्या कॅलिपरचे दोन बोल्ट काढा आणि कॅलिपर डिस्कवरून सरकवून बाहेर घ्या. एबीएस सेन्सरची वायर तिथेच आहे, ताणू नका. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने वर बांधा. चाक आड येत असेल तर सरळ चाक काढा, पाच बोल्ट आहेत, बसवताना ६० न्यूटन मीटर आणि आडवे-तिडवे घट्ट करत जा. पॅड बाहेर काढून पाठीची लोखंडी प्लेट सोडून फक्त मसाला मोजा. १ मिमी ही खालची मर्यादा. पिस्टनकडचा पॅड आणि पलीकडचा पॅड वेगळे लिहून ठेवा. प्रत्येकाचं वरचं आणि खालचं टोक पण मोजा, तिरका झिजलाय का ते कळेल.

दोन्ही सारखे झिजले असतील तर लिंक, रस्ता आणि पॅडची जात. पिस्टनकडचा बराच जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनवर सरकत नाहीये. मागचा कॅलिपर फ्लोटिंग आहे, पिस्टन एकाच बाजूला. पिस्टन आपल्याकडचा पॅड दाबतो, मग कॅलिपर पिनवर सरकून पलीकडचा पॅड ओढतो. पिन जाम असेल तर पलीकडचा पॅड काम करत नाही, आणि ब्रेक सोडल्यावर कॅलिपर मोकळाही होत नाही. घासत राहतो.

बुलेटकाका
त्यापेक्षा चाक हाताने फिरवून बघावं. फिरत नसेल तर ब्रेक पकडतोय. एवढी व्हर्नियरची मोजपट्टी कशाला.

व्हर्नियर
चेनच्या गाडीला चालेल. ही शाफ्टची आहे, गिअर ऑइलमुळे चाक मोकळं असूनही पटकन थांबतं. कॅलिपर लावून एकदा फिरवा, काढून एकदा फिरवा, फरक बघा. किंवा सपाट रस्त्यावर दहा किमी जा, शेवटी ब्रेक न लावता गिअर उतरवत थांबा आणि दोन्ही डिस्कवर पाण्याचे दोन-दोन थेंब टाका. मागचीवर चुर्र झालं तर उत्तर मिळालं. डिस्कला हात लावून बघू नका.

स्कूटरवाली_कर्वेनगर
इथेच विचारते. माझ्या ११० सीसी स्कूटरला डावा लिव्हर दाबला की पुढचा पण लागतो. हे तेच का? आणि पुढचा जरा उशिरा लागतो, बिघाड आहे का?

घाटवाला_कोथरूड
ताई, तत्त्व तेच, यंत्र साधं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या दुचाकींना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं, त्याच्या वरच्यांना एबीएस. तुमच्यात पंप-बिंप नाही. केबल आणि एक इक्वलायझर, तो लिव्हरची ओढ दोन्हीकडे वाटतो. पुढचा किंचित मागाहून लागावा अशीच रचना असते. फार उशिरा वाटत असेल तर केबल सैल झाल्या असतील. मागची घट्ट करून पुढची तशीच सोडली की वाटप बिघडतं, म्हणून दोन्ही एकत्र लावून घ्या.

प्रतिसादापुरता
धागा जीएसवरून स्कूटरवर. पुढचं पान सायकलचं.

निघालोच_समजा
मोजलं. मित्राकडचं व्हर्नियर. पिस्टनकडचा पॅड ०.९, पलीकडचा ३.६. तिरके नाहीत. कॅलिपर हाताने ढकलला, एका बाजूने सरकतो, दुसरीकडे अडतो. एक पिन पान्याने फिरवून काढावी लागली, तपकिरी गंज आहे आणि तिचा रबर बूट फाटलाय. डिस्कवर बारीक चरे, नखाला लागत नाहीत.

व्हर्नियर
सापडलं. बूट फाटला, पाणी आत गेलं, ग्रीस धुतलं, पिन गंजली. पॅड बदलताना बघायला हवं होतं, पण पॅड काढा-घालायला ही पिन काढावी लागत नाही, म्हणून राहून जातं. प्रेशर वॉशरचा फवारा थेट कॅलिपरवर मारला की हे लवकर होतं.

आता करायचं ते. गंज वरवरचा असेल तर बारीक पॉलिश पेपरने पिन साफ, खड्डे पडले असतील तर पिन नवीन. बूट नवीनच, सुपरग्लू लावून चिकटवायचा नाही. पिन बसते ते भोक ब्रेक क्लीनर आणि कापडाने स्वच्छ करा, जुनं ग्रीस आत राहिलं तर नवीन पिन पुन्हा अडेल. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचं, पातळ थर. चेसिसचं पिवळं ग्रीस किंवा बेअरिंगचं ग्रीस चालत नाही, पेट्रोलियममुळे ते रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम. भोक ग्रीसने भरू नका, पिन आत गेल्यावर हवेला जागा हवी.

पिस्टन मागे ढकलण्याआधी त्यांचा उघडा भाग ब्रेक क्लीनर आणि मऊ ब्रशने पुसा, नाहीतर तो गाळ सीलमध्ये जातो. मागच्या ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून ठेवा, ढकलताना पातळी वर येते, कापड धरा. सांडलं तर रंग उडतो, लगेच पाण्याने धुवा. बोल्टचा टॉर्क मॅन्युअलमधून घ्या.

सदाशिव_पेठी
ब्रेक ऑइल बदलायचंच असेल तर डॉट ५ टाका, लवकर उकळत नाही.

घाटवाला_कोथरूड
अहो, डॉट ५ सिलिकॉनचं, यात अजिबात नको. ५.१ वेगळं, ते डॉट ४ सारखंच ग्लायकॉलचं. या गाडीला डॉट ४ सांगितलंय, पहिल्या वर्षी एकदा आणि मग दर दोन वर्षांनी. नवीन डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १५५ ला. ब्रेक घासत राहिलेल्या गाडीचं मागचं ऑइल तापून आलेलं असणार, रंग बघा. चहासारखं झालं असेल तर बदलूनच घ्या.

बुलेटकाका
एअर (ऑइलमध्ये अडकलेली हवा) काढायला मात्र सर्व्हिस सेंटरलाच जावं लागेल. या लिंकच्या गाड्यांना एअर काढायचा क्रम असतो.

व्हर्नियर
तो क्रम वराडेरोवाल्या रचनेला. तिथे पुढचा डावा कॅलिपर थोडा फिरून दुसरा मास्टर सिलिंडर (ऑइलवर दाब देणारा पंप) दाबतो, मग व्हॉल्व्हमधून मागे दाब जातो, एअर अडकायला चार जागा. १२५० ला टाकी रिकामी होऊ दिली नाही तर नेहमीसारखी एअर निघते. टाकी कोरडी पडून एबीएस ब्लॉकमध्ये हवा गेली, तर मात्र पंप फिरवणारं डायग्नोस्टिक यंत्र लागतं, जीएस-९११ सारखं.

निघालोच_समजा
एअर नाही काढत, फक्त पॅड आणि पिन. बूट मिळाला, पिन पुसून चालतेय, खड्डे नाहीत. सिंटर्ड पॅड घेतले. डिस्कचं काय?

व्हर्नियर
किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. मायक्रोमीटरने पॅड घासतो त्या पट्ट्यात चार-पाच ठिकाणी मोजा, व्हर्नियरचा जबडा कडेच्या उंचवट्यावर बसतो आणि आकडा फसवा येतो. कोरलेल्या आकड्याच्या वर असेल आणि चरे नखाला लागत नसतील तर डिस्क राहू द्या.

सगळं बसवल्यावर, स्टँडवरून उतरवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत दाबत राहा. फक्त हाताचा लिव्हर दाबून समाधान मानू नका, पिस्टन मागे ढकललेत तो मागचा कॅलिपर आहे. टाकीची पातळी पुन्हा बघा. नवीन पॅड बसायला रविवारची वाट बघू नका. शनिवारी मुळशीपर्यंत जाऊन या, ५०-६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने, पायाने, पंधरा-वीसदा, मध्ये डिस्क थंड होऊ देत. परत आल्यावर पाण्याचे थेंब पुन्हा.

निघालोच_समजा
पुढच्या कॅलिपरच्या पिनांनाही हेच ग्रीस?

व्हर्नियर
पुढचे फिक्स्ड आहेत, दोन्हीकडून पिस्टन. सरकायची पिनच नाही.

घाटवाला_कोथरूड
आणि उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला उतरा. दोन माणसं, दोन पेट्या, लिव्हर सतत धरून ठेवलात तर मागच्या डिस्कलाही तो सगळा उतार सोसावा लागतो. वळणाआधी जोरात लावा, सोडा, थंड होऊ द्या.

स्कूटरवाली_कर्वेनगर
केबल लावून घेतल्या, पुढचा आता वेळेवर लागतो. आभारी आहे. निघालोच_समजा, तुम्ही निघालात का?