मदत हवी आहे : ऑफिसच्या प्रिंटरची क्यू अडकते, जॉब 'डिलीटिंग'वरच थांबतो

दस्त_आणि_नक्कल
नमस्कार मंडळी. वकिली ऑफिस आहे. एकच ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटर, विंडोज १० असलेल्या एका कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला आणि तिथून बाकी पाच जणांना शेअर केलेला. ट्रे १ मध्ये लीगल, ट्रे २ मध्ये ए४. दिवसातून दोन-तीनदा क्यू (छपाईची रांग) थांबते. पहिल्या जॉबपुढे (छपाईला पाठवलेल्या कामापुढे) 'प्रिंटिंग' दिसतं, कागद मात्र येत नाही, आणि मागे आठ-दहा जॉब तुंबतात. कॅन्सल केलं की 'डिलीटिंग' लिहून येतं आणि तसंच राहतं. कॉम्प्युटर रीस्टार्ट केला तरी तोच जॉब परत हजर. कधी कधी त्यानंतर वर एक ओळ भलतीच चिन्हं आणि खाली कोरी अशी पानं निघत राहतात.
१. बाकीच्यांचे जॉब न घालवता अडकलेला एकच कसा काढायचा?
२. पुन्हा अडकू नये म्हणून काय करायचं?
३. तातडीची प्रिंट रांगेत पुढे कशी घ्यायची?

स्पूलर
आधी पहिल्याचं उत्तर. एक लक्षात घ्या, रांगा दोन असतात: एक कॉम्प्युटरच्या डिस्कवर, दुसरी प्रिंटरच्या स्वतःच्या मेमरीत. कॉम्प्युटरवरचा जॉब उडवला तरी अर्धा डेटा प्रिंटरमध्ये पोचलेला असतो, म्हणून तो अडून बसतो. चिन्हांची पानंही त्यातूनच येतात. जॉबची सुरुवात तुटली की उरलेल्या डेटाला प्रिंटर साधा मजकूर समजून छापत सुटतो. त्यामुळे क्रम पाळा:

प्रिंटर बटणाने बंद करा आणि यूएसबी काढा. शेअर करणाऱ्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडा आणि इंग्रजीत 'नेट स्टॉप स्पूलर' टंका (स्पूलर म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सर्व्हिस). आता सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमध्ये जा. प्रत्येक जॉबच्या इथे दोन फाइली असतात, नंबर एकच. एसपीएल फाइलमध्ये छापायचा मजकूर असतो. एसएचडीमध्ये कोणी पाठवला, कुठल्या प्रिंटरला, किती प्रती ही माहिती. तारीख-वेळेनुसार लावा. सगळ्यात जुनी जोडी बहुतेक वेळा अडकलेल्या जॉबची असते. तेवढी जोडीच दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. मग 'नेट स्टार्ट स्पूलर', यूएसबी लावा, प्रिंटर चालू करा. मागचे जॉब आपोआप सुरू होतात.

फाइल 'वापरात आहे' असं आलं तर सर्व्हिस पूर्ण थांबलेली नाही, अर्धा मिनिट थांबून पुन्हा करा. प्रिंटर्स फोल्डर स्वतः उडवू नका. शेजारच्या ड्रायव्हर्स (प्रिंटर चालवणारे प्रोग्रॅम) फोल्डरला तर हातच लावू नका, नाहीतर सगळे प्रिंटर नव्याने बसवावे लागतील.

टोनर_ड्रम
वरचं बरोबर, पण ते झालं अडकल्यावरचं. क्यू थांबते तेव्हा प्रिंटरच्या छोट्या स्क्रीनवर काय लिहिलेलं असतं? कॉम्प्युटरकडे नंतर बघा, आधी तो मेसेज वाचा.

दस्त_आणि_नक्कल
आत्ताच अडकला. स्क्रीनवर 'लोड लेटर' आहे. आपण लेटर वापरतच नाही!

टोनर_ड्रम
मग स्पूलरचा दोष नाहीच. कोणाच्या तरी फाइलचा किंवा ड्रायव्हरचा पेपर साइझ लेटर आहे. लेटर २१६ बाय २७९ मिमी, ए४ २१० बाय २९७. डोळ्यांना जवळपास सारखे, पण प्रिंटर ए४ ला लेटर मानत नाही. तो कागदाची वाट बघत थांबतो आणि मागची सगळी रांगही थांबते. तात्पुरतं काम: प्रिंटरवर ओके किंवा कंटिन्यू दाबा, बहुतेक मॉडेल आहे त्या कागदावर छापून पुढे सरकतात.

कायमचं काम तीन ठिकाणी करायचं.

पहिलं, ड्रायव्हर. प्रिंटर प्रॉपर्टीज, अ‍ॅडव्हान्स्ड, 'प्रिंटिंग डीफॉल्ट्स' इथे ए४ करा. बरेच जण फक्त 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' बदलतात, ते त्या एका यूजरपुरतंच लागू होतं. आधीच कोणी प्रेफरन्सेस बदलले असतील तर त्या पाचही कॉम्प्युटरवर जाऊन बघावं लागेल.

दुसरं, पीडीएफ. बाहेरून आलेल्या पीडीएफ बऱ्याचदा लेटरच्या असतात. अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत 'चूज पेपर सोर्स बाय पीडीएफ पेज साइझ'ची टिक काढा आणि 'फिट' निवडा. ही टिक राहिली की रीडर प्रिंटरकडे थेट लेटरच मागतो. माझ्या मते तुमचा खरा गुन्हेगार हाच.

तिसरं, डिव्हाइस सेटिंग्ज टॅबमध्ये 'फॉर्म टू ट्रे असाइनमेंट': ट्रे १ लीगल, ट्रे २ ए४. प्रिंटरच्या मेनूमध्येही ट्रेचे साइझ तेच हवेत. मग अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'होल्ड मिसमॅच्ड डॉक्युमेंट्स' टिक करा. साइझ न जुळणारा जॉब बाजूला थांबतो आणि बाकीचे पुढे जातात. ट्रे लावल्याशिवाय ही टिक निरुपयोगी.

स्पूलर
त्याच टॅबवर 'स्टार्ट प्रिंटिंग आफ्टर लास्ट पेज इज स्पूल्ड' ठेवा. पहिलं पान थोडं उशिरा येईल, पण पाठवणाऱ्याचा कॉम्प्युटर मध्येच लटकला तरी अर्धवट जॉब प्रिंटरला धरून बसणार नाही. 'कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स' बंद हवं, नाहीतर छापून झालेले जॉबही क्यूमध्ये साचतात.

स्कॅन केलेले जाडजूड दस्तही बघा. ए४ चं एक पान ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) रंगीत म्हणजे कॉम्प्रेस न करता साधारण १०४ एमबी. ३०० डीपीआयला त्याचा चौथा भाग, २६ एमबी. नकलांसाठी स्कॅन ३०० वर ग्रेस्केल करा, आणि मोठा दस्त दहा-दहा पानांनी पाठवा. ठरावीक पानावरच अडकत असेल तर फॉन्टची भानगड असते. तेवढं पान रीडरच्या अ‍ॅडव्हान्स्डमधून 'प्रिंट अ‍ॅज इमेज' करा. सगळ्या दस्ताला ते लावू नका, जॉब उगाच फुगतो.

दस्त_आणि_नक्कल
टिक दोन कॉम्प्युटरवर सापडली, काढली. ट्रे लावतो आहे. तातडीच्या प्रिंटचं?

स्पूलर
एखाद्या वेळेपुरतं असेल तर क्यूमध्ये जॉबवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, प्रायॉरिटी वाढवा. १ ते ९९ असते, सगळे जॉब १ वर येतात. सध्या छापत असलेला जॉब मात्र पूर्ण होऊ द्यावा लागतो.

रोजचं असेल तर तोच प्रिंटर दुसऱ्या नावाने जोडा: 'अ‍ॅड लोकल प्रिंटर', पोर्ट तोच यूएसबी००१, ड्रायव्हर तोच, नाव 'तातडी'. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये प्रायॉरिटी ९९. सिक्युरिटी टॅबवर 'एव्हरीवन'ची प्रिंट परवानगी काढून ज्या दोघांना गरज आहे त्यांनाच द्या, नाहीतर आठवड्यात प्रत्येक प्रिंट तातडीची होईल.

दुसऱ्यांचे जॉब थांबवायचा-काढायचा हक्क म्हणजे 'मॅनेज डॉक्युमेंट्स'. तो प्रिंटरजवळ बसणाऱ्या एकाला द्या, अ‍ॅडमिनचा पासवर्ड देत बसू नका. आणि शेअर करणारा कॉम्प्युटर स्लीपला जात असेल तर पॉवर सेटिंगमध्ये आजच 'नेव्हर' करा.