पेजमेकरमधली जुनी पुस्तकं युनिकोडमध्ये कशी आणायची?

पेठेतला_प्रकाशक: अप्पा बळवंत चौकाजवळ छोटं प्रकाशन आहे. 40 पुस्तकांच्या फाइली पेजमेकरमध्ये (पानं मांडायचं जुनं सॉफ्टवेअर) आहेत. बहुतेक श्री-लिपीत, थोड्या सीडॅकच्या आयएसएममध्ये (दोन्ही स्वतःचे फाँट असलेली मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर). पुनर्मुद्रण आणि ई-बुक दोन्ही करायचंय. मजकूर वर्डमध्ये नेला की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. सगळं पुन्हा टाइप करावं लागेल का?

अक्षरजुळणी: अजिबात नको. मजकूर शाबूत आहे. त्या फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेत, म्हणून फाँट बदलला की कचरा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःचे ठरलेले संकेत असतात. जुना मजकूर त्यात नेणारं सॉफ्टवेअर म्हणजे कन्व्हर्टर.

फाइली सीडीवर असतील तर आधी हार्ड डिस्कवर उतरवा. पेजमेकर चालणारं जुनं मशीन मोडीत काढू नका. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या सीएस6 नंतरच्या आवृत्त्या या फाइली उघडत नाहीत. मग कर्सर मजकुरात ठेवून फाइल मेनूतून एक्स्पोर्ट करा, आरटीएफमध्ये (फाँटची नावं जपणारा फाइल-प्रकार). साध्या टेक्स्टमध्ये फाँटची नावं जातात आणि मधले इंग्रजी शब्द कुठले ते कळत नाही. कन्व्हर्टर त्यांचंही देवनागरी कडबोळं करतो. तळटीपा आणि चित्रओळी वेगळ्या चौकटीत असतील तर त्या स्वतंत्रपणे काढाव्या लागतात. हमखास राहतात त्या याच.

कन्व्हर्टर फाँटच्या नावाप्रमाणे निवडा. श्री-लिपीचा अक्षरबदलाचा तक्ता आयएसएमला चालत नाही.

मुद्रितशोधक: आधी दहाच पानं रूपांतरित करून तपासा. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलट: तिथे अक्षरानंतर, इथे आधी. म्हणून 'आर्थिक' हा शब्द शोधून पाहा, दोन्ही चुका एकदम सापडतात.

खरा धोका 'दऱ्या' आणि 'दर्या'चा. कन्व्हर्टरने 'ऱ्य'चा रफार केला, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि स्पेलचेकला ते कळतही नाही. 'ऱ्य', 'ऱ्ह' असलेले शब्द मूळ छापील प्रतीशी ताडूनच पाहायला हवेत. स्पेसनंतर लगेच काना-मात्रा आलेली ठिकाणंही शोधा. तिथे ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं.

सोळापानी: नुसत्या पुनर्मुद्रणासाठी रूपांतर करूच नका. छपाईची पीडीएफ असेल आणि तिच्यात फाँट एम्बेड (फाइलच्या आतच साठवलेले) असतील, तर तीच प्रेसला द्या. नवा फाँट कमी-जास्त जागा घेतो, अनुक्रमणिका आणि सूचीतले पानांचे आकडे चुकतात, आणि तीन पानं वाढली तरी जादा फॉर्मचा (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचाचा) खर्च पडू शकतो. ई-बुकला मात्र युनिकोडच हवं, नाहीतर वाचकाला एक शब्दही शोधता येणार नाही.

नव्याने मांडणी केलीत तर इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात. भाषा मराठी ठेवा. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे हवेत. टिरो देवनागरी मराठीत ते तसेच आहेत.

पेठेतला_प्रकाशक: पीडीएफ बऱ्याच पुस्तकांच्या आहेत. फाँट आत आहेत की नाहीत ते कसं पाहू?

सोळापानी: ॲक्रोबॅट रीडरमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फाँट्स. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' हवं. एका जरी नावापुढे ते नसेल तर ती फाइल प्रेसला पाठवू नका. तो फाँट असलेल्या जुन्या मशीनवरून पीडीएफ पुन्हा काढा.