सिल्वेरा आडनाव, वेंगुर्ल्याची वखार आणि फ्लेमिश माणसं

किनारा_वेंगुर्ले:
वेंगुर्ल्याच्या डच वखारीसाठी माहितीफलकाचा मजकूर तयार करतो आहे. ऐकीव गोष्टी दोन. वखारीत फ्लांडर्सचे, म्हणजे आजच्या उत्तर बेल्जियमचे (फ्लेमिश) लोक होते, आणि आपल्याकडचं सिल्वेरा आडनाव मूळ फ्लेमिश. यातलं फलकावर काय टिकेल?

रेवदंडा_दप्तर:
सिल्वेरा नको. गोष्ट खरी आहे, पण ती अटलांटिकमधल्या पोर्तुगीज अझोर बेटांची. पंधराव्या शतकात तिथे इतके फ्लेमिश वसले की त्या बेटांना फ्लेमिश बेटंच म्हणत. योस व्हान हुर्तेरे 1468 मध्ये तिथल्या फायाल बेटाचा कारभारी झाला, त्याच्या वंशजांचं आडनाव दुत्रा झालं. विलेम व्हान देर हाखेन साओ जॉर्ज बेटावर तोपोला स्थिरावला आणि दा सिल्वेरा म्हणवू लागला. पण पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरही सिल्वेरा होतेच. शिवाय आपल्या किनाऱ्यावर बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं आडनाव मिळे, त्यामुळे आडनावावरून रक्ताचं नातं ठरत नाही.

वलंदेज_वाचक:
वखारीचं काम जास्त किचकट. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरच्या नोकरांची सूची हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. नाव, मूळ गाव, हुद्दा, जहाज, नोकरी कशी संपली, सगळं मिळतं. अडचण अशी की त्या पगारवह्या बहुतेक 1700 नंतरच्या आणि तुमची वखार सतराव्या शतकातली. तेव्हा सूचीत नाव सापडलं नाही म्हणून माणूस नव्हता असं धरू नका. त्याच अभिलेखागारात आशियातून हॉलंडला गेलेली पत्रं आहेत, त्यांत वेंगुर्ल्याची पत्रं बघा.

गावाचं नाव कारकुनाने कानावर पडेल तसं लिहिलेलं असतं. फ्लांडर्समधल्या गेंटसाठी तीन-चार स्पेलिंगं करून पाहा. ‘व्हान अँटवर्पेन’ हे नुसतं आडनावही असू शकतं, मूळ गावाचा रकाना वेगळा वाचा.

सगळ्यात मोठा खड्डा पुढे आहे. 17 ऑगस्ट 1585 ला आजच्या फ्लांडर्समधलं अँटवर्प स्पेनच्या हाती पडलं. प्रॉटेस्टंटांना घरदार विकून निघायला चार वर्षांची मुदत मिळाली आणि शहराची वस्ती निम्म्यावर आली. ती कुटुंबं मिडलबर्ग, लायडन, आम्स्टरडॅम या डच शहरांत गेली. तिथे जन्मलेला मुलगा कंपनीत ‘मिडलबर्गचा’ म्हणूनच लागतो. आपल्या मराठी कागदांत तर सगळे सरसकट ‘वलंदेज’, म्हणजे डच, त्यामुळे तिथून काही हाती लागणार नाही.

रेवदंडा_दप्तर:
शेजारचं एक पक्कं नाव देतो: जाक द कूत्र, फ्लांडर्समधल्या ब्रुजचा रत्नव्यापारी. गोव्यात राहून विजापूरच्या दरबारापर्यंत व्यापार करत होता. तेव्हा पोर्तुगाल आणि फ्लांडर्स दोन्ही स्पेनच्या राजाकडे होते, म्हणून फ्लेमिश माणसाला गोव्याची वाट मिळाली. वलंदेजांशी संधान असल्याच्या संशयाने त्याला 1623 मध्ये लिस्बनला धाडलं.

फ्लांडर्सच्या ऑस्टेंड बंदरातली ऑस्टेंड कंपनी (1722 ते 1731) मात्र फलकावर आणू नका. तिच्या वखारी बंगालात बांकीबाजारला आणि चेन्नईजवळ कोवळमला होत्या, कोकणात नव्हत्या.

किनारा_वेंगुर्ले:
मग सिल्वेरा वगळतो. वखारीपुढे ‘डच’ एवढंच लिहितो आणि द कूत्रला गोव्याच्या चौकटीत घेतो. पत्रांतून नाव आणि गाव दोन्ही जुळेपर्यंत ‘फ्लेमिश’ शब्द वखारीला लावणार नाही.